विश्लेषण : जावा शिकावी की पायथन? 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' भाषांचे भवितव्य काय?

इंजिनीअरिंग प्रवेशाचा हंगाम आला की क्लासच्या फलकांवर 'जावा फुल स्टॅक' आणि 'पायथन विथ एआय' यांची चढाओढ सुरू होते. पालक हजारो रुपये मोजतात. त्याच वेळी या भाषा ज्या 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' पद्धतीवर उभ्या आहेत, तिचेच दिवस भरले असेही ऐकू येते. त्यात तथ्य किती?

ही पद्धत म्हणजे काय?

बँकेचे खाते घ्या. शिल्लक ही माहिती आणि पैसे भरणे-काढणे ही कामे एकत्र बांधली की झाला ऑब्जेक्ट. अशी खाती ज्या साच्यातून निघतात तो क्लास. बाहेरच्या कोडला शिल्लक परस्पर बदलता येत नाही, ठरलेल्या खिडकीतूनच व्यवहार. 'खाते' या साच्यावरून 'बचत खाते' तयार करणे म्हणजे इनहेरिटन्स. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन नीगार्ड यांच्या सिम्युला भाषेतून १९६०च्या दशकात ही कल्पना आली.

भाषांमध्ये फरक कशाचा?

मुख्यतः वेग आणि सुरक्षिततेचा. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू केलेल्या कामातून सी प्लस प्लस घडली. तिच्यात मेमरी सांभाळणे प्रोग्रामरच्या हाती असते, म्हणून ती वेगवान; ब्राउझर, गेम तिच्यावर चालतात. पण हात चुकला की हॅकरला दार उघडे. आपल्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षा-त्रुटी मेमरीशी संबंधित असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते.

१९९५ मध्ये आलेल्या जावाने ही जबाबदारी प्रोग्रामरकडून काढून घेतली आणि बँका, विमा कंपन्यांत बस्तान बसवले. अँड्रॉइडसाठी गुगलने २०१९ पासून कोटलिनला पसंती दिली, हे खरे. मात्र कोटलिन जावाच्या कोडसोबत सहज चालते. जावा शिकलेल्याचे फारसे वाया जात नाही.

पायथनमध्ये सारे काही ऑब्जेक्टच, तरी क्लास न लिहिता काम भागते. ती मंद आहे. एआयची अवजड आकडेमोड बहुतांशी सी आणि सी प्लस प्लसमधील लायब्रऱ्या करतात. दुकान पायथनचे, कारखाना दुसऱ्याचा!

मग धोका कोणाला?

इनहेरिटन्सच्या अतिरेकाला. साच्यावर साचा चढवत गेले की मुळातला छोटा बदल कुठे काय मोडेल, सांगता येत नाही. गो आणि रस्ट या नव्या भाषांनी क्लासचे इनहेरिटन्स ठेवलेलेच नाही. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्यावर भर दिल्यानंतर मेमरीच्या त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गुगलने म्हटले आहे. सी प्लस प्लसला खरे आव्हान इथे आहे. जावानेही २०१४ मध्ये लॅम्डा आणि २०२१ मध्ये रेकॉर्ड स्वीकारून जुना सोवळेपणा सोडला.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

एक भाषा, शक्यतो जावा, नीट पचवावी. पायथन नंतर काही आठवड्यांत जमते. सुटा कोड आता एआयही लिहून देते. कोणती माहिती कोणत्या क्लासमध्ये ठेवायची, हा निर्णय मात्र अजून माणसाला तपासावा लागतो. म्हणून फी भरण्यापूर्वी क्लासचालकांना एवढेच विचारावे : दुसऱ्याने लिहिलेला पाच हजार ओळींचा कोड वाचून दुरुस्त करायला शिकवता का?