वाढदिवसाचं जेवण आणि एकोणिसावं वर्ष

मराठवाड्यातल्या बालगृहापर्यंत दान पोचतं ते बहुधा ताटातून. लेकराचा वाढदिवस, आजोबांचं वर्षश्राद्ध, नाहीतर पुढाऱ्याचा अभीष्टचिंतन सोहळा. मग वह्या, ब्लँकेटं, बुंदी आणि फोटो. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण अठरा पूर्ण झालेला मुलगा पेटी उचलून तिथून निघतो, त्या दिवशी फाटकापाशी देणगीदार नसतात.

कायदा याबाबत इतका निष्ठुर नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४६ नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते. अठरा ओलांडलेल्यांसाठीच्या अनुरक्षणगृहात एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं राहता येतं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अशा मुलांसाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. आता नांदेडजवळच्या मुदखेडचा एखादा मुलगा आयटीआयसाठी नांदेडला खोली शोधतोय असं धरू. घरमालक डिपॉझिट मागणार, आणि त्याआधी विचारणार, ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाचं उत्तर ४,००० रुपयांत बसत नाही. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण दिलं, ते चांगलंच झालं. तरी नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोचायचं तर अभ्यासाची दोन-तीन वर्षं कुठंतरी, कुणाच्या तरी भरवशावर काढावी लागतात.

हे ज्यांना वेळेत उमगलं, त्यांत लातूर जिल्ह्यातल्या हासेगावचे रवी बापटले आहेत. औसा तालुक्यातल्या या गावी २००७ मध्ये त्यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. मुलं जगली, वाढली, अठरा ओलांडून गेली. मग पुढं काय? त्यांची मूळ गावं त्यांना परत घेणार नव्हती. तेव्हा त्याच हासेगावात मोठ्या झालेल्यांसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं. तिथं काम आहे, निवारा आहे, लग्नंही लागतात. मुलं गाण्याचे कार्यक्रम करून संस्थेसाठी पैसा जमवतात. दानाला कमाईची जोड मिळाली की माणूस ताठ उभा राहतो, हे तिथं दिसतं.

नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईचीही हीच अडचण: आता राहायचं कुठं, कुणाच्या भरवशावर? आपल्याकडं तिला ‘टाकलेली’ म्हणतात, मग घर तिनं स्वतः का सोडलेलं असेना. अंबाजोगाईच्या डॉ. शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’ प्रकल्पातून अशा बायकांसाठी आयुष्य वेचलं. २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असंही म्हटलं. पण पोटगी हातात पडेपर्यंत शाळेची फी आणि किराणा थांबत नाही. सरकारी योजनेतल्या स्वाधारगृहाच्या नियमांत हिंसाचारातून आलेल्या बाईला राहण्याची मुभा होती एक वर्षाची. वर्षभरात खटलाच संपत नाही, तिथं नवा संसार कुठला!

सिंधुताई सपकाळ या दोन्ही वाटा चालून गेल्या होत्या. नवऱ्याने भरल्या दिवसांत घराबाहेर काढलेली ही बाई परभणी-नांदेड-मनमाडच्या स्टेशनांवर भीक मागत हिंडली, म्हणजे मुदखेडकरांच्या रोजच्याच वाटेवर. पुढं त्यांनी शेकडो अनाथ मुलं वाढवली. त्यांच्या सासवडजवळच्या ममता बालसदनात मुलांना शिक्षण देऊन, पायावर उभं करून त्यांची लग्नंही लावून दिली जातात. पद्मश्री मिळाली ती २०२१ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. एवढं सगळं एका बाईच्या हिमतीवर झालं, याचं कौतुक करताना आपण बाकी समाजाची हजेरी घ्यायला विसरतो.

मुदखेड तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. तिथल्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांनी, निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी ठरवलं, तर जेवणावळीचा पैसा दुसरीकडं वळवणं अवघड नाही. खोलीचं डिपॉझिट, सहा महिन्यांचं भाडं, शिलाई मशीन, ड्रायव्हिंगचं लायसन्स, कोर्टाच्या तारखेचा प्रवासखर्च. आणि भाडेकरारावर जामीन म्हणून सही करणारं एखादं माणूस, ज्याला सही करताना एक रुपयाही खर्च येत नाही. ही मदत जिल्हा बालसंरक्षण कक्ष किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत गेली तर गरजूपर्यंत नीट पोचते.

फोटोचा आग्रह तेवढा सोडावा लागेल. घर सोडून आलेल्या बाईचा नवा पत्ता सासरी कळायला एक व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस पुरतो.