बदली गाडी, गॅरेज कॅश आणि आमचं घनसावंगी

कार इन्शुरन्स रिन्यू करायची वेळ आली की आपण काय करतो? पाच टॅब उघडतो, प्रीमियम बघतो आणि सगळ्यात स्वस्त पॉलिसीवर क्लिक करतो. गाडी हिंजवडीत फिरणार असेल तर ते बहुतेक वेळा खपूनही जातं. पण आपल्यापैकी बरेच जण पुण्यात बसून गावाकडच्या गाडीची पॉलिसी काढतात. माझ्या मते हा हिशोब सगळा वेगळा आहे.

आधी बदली गाडीचं बघू. इंग्लंडमध्ये गाडी दुरुस्तीला गेली की ठरलेलं गॅरेज तात्पुरती छोटी गाडी देतं. आपल्याकडे बहुतेक कंपन्या गाडी देत नाहीत, रोजचा भत्ता देतात. नावं मात्र झकास आहेत. आयसीआयसीआय लोंबार्डचं 'गॅरेज कॅश', टाटा एआयजीचं 'डेली अलाउन्स', एचडीएफसी अर्गोचं 'डाउनटाइम प्रोटेक्शन'. कल्पना एकच: गाडी गॅरेजात असेपर्यंत दिवसाला ठरावीक रक्कम घ्या आणि टॅक्सीने फिरा.

आता गंमत बघा. घनसावंगीत टॅक्सी बोलवायला अ‍ॅप उघडून काय उपयोग? आमच्या आईचं आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस असतं. गेल्या ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीला घासून गाडीचं नुकसान झालं आणि ती १८ दिवस गॅरेजात राहिली. पॉलिसीत भत्ता होता ५०० रुपये रोज, पहिले ३ दिवस सोडून, जास्तीत जास्त १० दिवस. म्हणजे मिळाले ५,००० रुपये. जालन्याच्या ५ फेऱ्यांना भाड्याच्या गाडीचे गेले १०,०००. बरं, पैसे हा मुद्दा दुय्यम. प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री वडील गाडीवाल्यांना फोन लावत बसायचे. लग्नसराईत गाडी मिळेल याची खात्री नसते, आणि डायलिसिस काही पुढे ढकलता येत नाही.

म्हणून माझं मत असं की गावाकडच्या गाडीसाठी भत्ता किती यापेक्षा गाडी किती दिवसांत परत मिळते हे महत्त्वाचं. विमा नियामकाने २०२४ मध्ये मुदती घालून दिल्यात: २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, पुढच्या ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. बेरीज करा. सगळे नियम पाळूनही २३ दिवस जाऊ शकतात आणि आमचा भत्ता मात्र १० दिवसांत संपतो!

तेव्हा पुढच्या वेळी प्रीमियमच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, कंपनीचं कॅशलेस गॅरेज जालन्यात आहे, की गाडी थेट छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागेल? दोन, रस्त्यात गाडी बंद पडली तर टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट? तीन, सर्व्हेअर कुठून येणार? ही उत्तरं वेबसाइटवर सापडत नसतील तर कस्टमर केअरला फोन करा. पॉलिसी विकायच्या आधीच जे नीट बोलत नाहीत, ते क्लेमच्या वेळी काय बोलणार? क्लेम सेटलमेंटचे टक्के देशभराचे असतात, त्यातून तुमच्या तालुक्याचं काही कळत नाही. त्यापेक्षा जालन्याच्या गॅरेजवाल्याला विचारा, कोणत्या कंपनीचं अप्रूव्हल लवकर येतं. तो रोज हेच बघतो.

आणि एवढं करूनही कंपनीने रखडवलंच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

दोन-तीनशे रुपये प्रीमियम वाचवायला आपण तासभर घालवतो. त्यातली दहा मिनिटं या तीन प्रश्नांना द्या. गाडीची किल्ली गावाकडे ज्यांच्या हातात आहे, त्यांना रात्री-अपरात्री फोन लावत बसावं लागू नये, एवढंच.