स्वयंपाकघरांतील टेबलावर

लेखनास स्वतंत्र खोली हवी, एकांत हवा, मध्येंच कोणी हांक मारतां कामा नये, असें आपण नेहमीं ऐकतों. यांपैकीं फारसें कांहींच वांट्यास न आलेल्या एका इंग्रज कादंबरीकर्त्रीची ओळख आज वाचकांस करून द्यावयाची आहे. त्यांचें नांव रोझामंड पिल्चर.

पिल्चरबाईंचा जन्म १९२४ सालीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यांतील लेलंट या गांवीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्या आरमाराच्या स्त्रीदलांत होत्या व त्या निमित्तानें सिलोनांतहि राहिल्या. १९४६ सालीं विवाह होऊन त्या स्कॉटलंडांत डंडीकडे आल्या. यजमान ताग-व्यवसायांतले, आपल्या बंगालचा ताग ज्या शहरांत विणला जाई, तेंच हें डंडी. पुढें चार मुलें झालीं. मुलांचें करून जो वेळ उरेल त्यांत स्वयंपाकघरांतील टेबलावर टंकयंत्र मांडावयाचें, हा क्रम पडला.

१९४९ सालीं त्यांची पहिली कादंबरी मिल्स अँड बून या संस्थेनें काढली. प्रेमकथांचा कारखानाच म्हणावा अशी ही संस्था. पुस्तकावर नांव होतें जेन फ्रेझर. स्वतःच्या नांवाची कादंबरी १९५५ सालीं निघाली, आणि टोपणनांव कायमचें सुटावयास १९६५ साल उजाडलें.

कीर्ति आली ती साठी उलटल्यावर. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द शेल सीकर्स' या कादंबरीच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिची नायिका पेनेलोपी कीलिंग ही चौसष्ट वर्षांची विधवा नसली तरी एकटी राहणारी, हृदयविकाराच्या दुखण्यांतून नुकतीच उठलेली माता आहे. तिच्या चित्रकार वडिलांनीं दिलेलें एक चित्र भिंतीवर आहे. त्याला एकाएकीं बाजारांत मोठी किंमत येते, आणि तीन मुलांपैकीं दोघांना आईच्या प्रकृतीपेक्षां त्या चित्राचीच काळजी अधिक वाटूं लागते. ज्या घरांत वांटणीची गोष्ट एकदां तरी निघाली आहे, तेथील वाचकांस हें प्रकरण परकें वाटूं नये. आई तें चित्र कोणासहि न देतां आपल्या जुन्या गांवच्या चित्रसंग्रहालयास देऊन टाकते. पिल्चरबाई येथें मुलांना दुष्ट ठरवीत नाहींत. त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीनें बरोबर कसा, हेंहि दाखवितात. मला तो भाग सर्वांत सरस वाटला.

त्यांच्या जगांत सुखवस्तुपणा फार, अडचणीच्या वेळीं पैसा हटकून उपलब्ध होतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु केवळ 'बायकी' म्हणून त्या बाजूला सारल्या जाव्या, हें न्यायाचें नव्हे. चहाचा पेला कोणी कोणापुढें कसा ठेवला, यावरून घरांतील तेढ ओळखणारी नजर थोड्याच लेखकांपाशीं असते.

मात्र टेबलावर बसूनहि कादंबरी होते, तर सुनेला निराळी खोली कशाला, असा सोईस्कर अर्थ कोणीं काढूं नये. मुलें लहान असतां हातून निघालीं तीं आटोपशीर पुस्तकें. पांचशेंहून अधिक पानांची ही कादंबरी आली ती मुलें मोठीं झाल्यावर, पहिल्या पुस्तकानंतर अडतीस वर्षांनीं. मधल्या काळांत काय लिहावयाचें राहिलें, याचा हिशेब कोठेंच मांडलेला नसतो.

पुढें 'सप्टेंबर' (१९९०) व 'कमिंग होम' (१९९५) या मोठ्या कादंबऱ्या आल्या. २००० सालीं 'विंटर सॉल्स्टिस' प्रसिद्ध करून बाईंनीं लेखणी खालीं ठेवली. जर्मनींत तर १९९३ पासून त्यांच्या कथांवर दूरचित्रवाणीसाठीं शंभराहून अधिक चित्रपट निघाले, आणि ते पाहून जर्मन प्रवासी कॉर्नवॉलचा किनारा पाहावयास लोटूं लागले. त्याबद्दल २००२ सालीं ब्रिटनमध्यें त्यांना पर्यटनाचें पारितोषिक मिळालें. २०१९ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, त्या वारल्या.