टीव्ही रूमची किल्ली

शेवटचा पेपर टाकून आलो की होस्टेलवर जो गोंधळ सुरू होतो तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. बादल्या, गाद्यांच्या वळकट्या, "माझा ड्राफ्टर कुणी ढापला रे", रिक्षावाल्याशी घासाघीस... आणि दोन दिवसांत अख्खा मजला रिकामा! उरतात ती काही थोर मंडळी. कुणाला वायडीचा दणका बसलेला, कुणाची इंटर्नशिप, कुणाचं घर इतकं लांब की जाण्यायेण्याचं भाडं परवडत नाही. आणि एखादा असा, ज्याला घरी जावंसंच वाटत नाही. त्याला कारण विचारायचं नसतं.

या उरलेल्या मंडळींनी रात्री जेवण झाल्यावर करायचं काय, एवढाच या लेखाचा विषय. तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखं काय आहे? मोबाइल आहे, वायफाय आहे, बघत पडावं की! तर मित्रांनो, नेमकं हेच मी एफईच्या सुट्टीत करून बघितलंय.

त्या वर्षी रंगकामासाठी महिनाभर होस्टेल रिकामं करायला लावलं. मला नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून जवळ, एका वाड्यात माडीवर कॉट बेसिसवर जागा मिळाली. खाली मालक आजी-आजोबा, वर आम्ही पाच जण. बाकीचे चौघे एमपीएससीवाले, पहाटे पाचला अभ्यासिकेत जाणारे आणि रात्री नुसते झोपायला येणारे. मी एकटाच रिकामटेकडा. पहिल्या रात्री एका सीरिजचे अकरा भाग सलग बघितले. पहाटे झोपलो, दुपारी दोनला उठलो, तोवर मेस बंद. वडापाव खाल्ला, पुन्हा मोबाइल. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी मेसमध्ये काकांना "दोन पोळ्या" म्हणायला गेलो तर आवाजच नीट फुटेना. तीन दिवसांत मी एकाही माणसाशी एकही वाक्य बोललो नव्हतो! आणि गंमत म्हणजे त्या अकरा भागांत काय झालं ते आज मला सांगता येणार नाही. हिरोच्या गाडीचा रंग तेवढा आठवतो.

सुटका केली ती महावितरणने. गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज घालवायची आणि पाणीही बंद ठेवायचं, ही पुण्याची जुनी रीत. मोबाइल मेला, माडीवर भट्टी झाली, म्हणून खाली चौकात येऊन बसलो. संध्याकाळी लाइट आली तसे आजोबा दारातून म्हणाले, "आता बसलाच आहेस तर आत ये. चपला जिन्यात." भिंतीवर टीव्हीच्या शेजारी खडूने लिहिलं होतं : 'टीव्ही ९ ते १०. नंतर बंद होईल. आग्रह करू नये.'

मुलीने टीव्हीला यूट्यूब जोडून दिलं होतं आणि ती दोघं रोज रात्री 'भारत एक खोज'चा एक भाग बघत होती. श्याम बेनेगल यांची १९८८ सालची मालिका, नेहरूंच्या पुस्तकावरून केलेली. मला वाटलं, झालं, इतिहासाचा तास. त्या दिवशी नेमका महात्मा फुल्यांचा भाग होता. फुले झालेत सदाशिव अमरापूरकर, तेच हिंदी पिक्चरमधले खतरनाक व्हिलन! आजोबा म्हणाले, "ह्यानेच '२२ जून १८९७' मध्ये टिळक केलेत." मी चाट. १९७९ च्या मराठी सिनेमात टिळक आणि नऊ वर्षांनी टीव्हीवर फुले, एकाच नटाने! यावर आजी-आजोबांची जी जुंपली ती दहा वाजून गेल्यावरही चालू होती. टीव्ही मात्र दहाला बंद.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच चालत निघालो. आधी आमच्याच पेठेतला केसरीवाडा. मग लक्ष्मी रोडने बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर, जिथे फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा. वाडा आता नाही. स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. पण जागा आहे, आणि केसरीवाड्यापासून रमतगमत गेलं तरी वीसेक मिनिटांत पोचता येतं. आधी वर्षभर त्या रस्त्याने मी फक्त पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो होतो.

नंतर रोज नऊला खाली जाऊ लागलो. चार दिवसांनी लातूरचा एक एमपीएससीवाला आला, "सिलॅबसमध्येच आहे" अशी सबब सांगून. मग बाकीचे तिघे. मालिकेत शिवाजी महाराज नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब ओम पुरी. त्या रात्री हे चौघे दर दोन मिनिटांनी सनावळ्या सांगायला लागले, तेव्हा आजींनी "परीक्षेत लिहा रे ते" म्हणून गप्प केलं. एका रात्री एकच भाग हा नियम मात्र अढळ. "पुढचा लावा ना" म्हटलं की आजोबा भिंतीकडे बोट दाखवायचे.

आता मुद्द्यावर येतो. सुट्टीत बघण्यासारखी मालिका कोणती, असं जो तो विचारतो आणि उत्तरादाखल रेटिंगची यादी मिळते. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिली अट अशी की मालिका संपणारी हवी. दुसरी अट, ती रोज एकच भाग आणि चारचौघांत बघायची. बाकी सगळं नंतर.

आपण इंजिनिअर लोक. एक्झिट कंडिशन नसलेला लूप लिहिला तर प्रॅक्टिकलला सर जर्नल फेकून देतात. मग रोजच्या मालिका काय असतात? अमेरिकेत निदान वर्षानुवर्षांची पद्धत अशी की नव्या मालिका सप्टेंबर ते मे आणि उन्हाळ्यात जुन्याचंच पुनःप्रक्षेपण. आपल्या डेली सोपला उन्हाळा-पावसाळा काही नाही. आठवड्याला सहा-सहा, सात-सात भाग द्यायचे म्हणजे लेखक तरी काय करणार? टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात (पुन्हा गुरुवारच!) आणि आकडा पडला की मेलेली मावशी परत येते. यात काम करणाऱ्यांचा दोष मी काढत नाही, डिझाइनच तसं आहे. आणि खरं सांगायचं तर आजी साडेसातची मालिका बघायच्याच, आणि ती बघताना फोनवर बहिणीशी बोलायच्या. त्या दोघींसाठी ती मालिका म्हणजे रोज फोन करायला निमित्त होती. त्या उपयोगाला माझी ना नाही.

पण मराठीत संपणाऱ्या मालिकाही झाल्यात आणि चांगल्या झाल्यात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघा. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शक केदार शिंदे, मूळ लेखन दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'चं, आणि आबाही तेच. कटकारस्थान नाही, विष नाही, कुणी जिन्यावरून पडत नाही. एका मध्यमवर्गीय घरातले पाच जण आणि त्यांच्या रोजच्या भानगडी. प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा, त्यामुळे मधेच कुणी येऊन बसला तरी "आधी काय झालं" सांगावं लागत नाही. होस्टेलला हा गुण फार मोलाचा! शिऱ्या बघताना आपल्या विंगमधला कोण आठवतो ते मी इथे लिहीत नाही, तो वाचेल. हेच प्रभावळकर त्याआधी वीस-बावीस वर्षं मुंबई दूरदर्शनवर चिमणराव होते, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या आजोबांच्या मते टीव्ही तिथेच संपला. असो.

ज्यांना गूढ हवं त्यांनी 'अग्निहोत्र' बघावी (स्टार प्रवाह, २००८ ते २०१०, दिग्दर्शन सतीश राजवाडे). जुना वाडा, विखुरलेलं कुटुंब, गणपती. मी ती वाड्यातच बसून बघायला सुरुवात केली आणि रात्री माडीचा जिना चढताना थोडी टरकली हे कबूल करतो. पण लांबी बरीच आहे, एका सुट्टीत आवरणार नाही. 'मालगुडी डेज' आवरेल. शंकर नाग यांनी केलेले ३९ भाग, आर. के. नारायण यांच्या गोष्टी, त्यांचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, कर्नाटकातल्या आगुंबेत शूटिंग. बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' (१९९३) तर टीव्ही रूमसाठीच बनलाय. खुनी कोण यावर चहाची पैज लावता येते, फक्त आधी बघितलेल्याला दाराबाहेर बसवायचं.

खास आपल्या बिरादरीसाठी एक परदेशी नाव सांगतो, 'चेर्नोबिल' (२०१९). फक्त पाच भाग, म्हणजे सोमवार ते शुक्रवार. शेवटच्या भागात लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या लावून कोर्टाला समजावतो की रिॲक्टरची पॉवर कशाने वाढते, कशाने घटते आणि बंद करायचं बटण दाबल्यावर कंट्रोल रॉडच्या टोकाच्या ग्रॅफाइटने उलटंच कसं झालं. माझ्या मते इतकं स्वच्छ लेक्चर कुणीच दिलं नसेल (स्टाफने रागावू नये). तरी सगळं खरं मानू नका. खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजरच नव्हता, आणि खोम्युक नावाची शास्त्रज्ञ बाई अनेक शास्त्रज्ञांची मिळून एक केलेली आहे. काय खरं आणि काय रचलेलं, यावरच पुढचे दोन दिवस वाद घालता येतो. आणि प्लेसमेंट न झालेल्यांनी 'पंचायत'चा पहिला सीझन बघावा. इंजिनिअर होऊन वीस हजारांवर ग्रामपंचायतीत सचिव झालेला अभिषेक त्रिपाठी बघून हसू येतं, आणि चौथ्या भागापर्यंत ते हसू जरा आतल्या बाजूला वळतं.

'पंचायत' आला तो २०२० च्या एप्रिलमध्ये. आठवतंय ना ते दिवस? आपण शाळेत होतो. मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं, कुठल्याच चॅनलकडे नवं काही नाही. २८ मार्चपासून दूरदर्शनने १९८७ चं 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी बघितल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. तेहतीस वर्षं जुनी मालिका, शेवट पाठ असलेली! तेव्हाही घराघरांत मोबाइल होतेच. आमच्या घरी बाबा, आजी, मी आणि शेजारचा बंड्या (मास्क लावून, दारात) एकत्र बसायचो. ट्रिक फोटोग्राफीला हसायचो आणि तरी बसायचो. तो आकडा सगळा भक्तीचा होता असं मला वाटत नाही. नऊ वाजता कुणीतरी आपली वाट बघतंय, हेही त्यात होतं.

गेल्या सुट्टीत होस्टेल चालू होतं. आयपीएल असेपर्यंत टीव्ही रूम रात्री बारापर्यंत उघडी, फायनलच्या दुसऱ्या दिवशी कुलूप. कारण? "आता कोण बघतंय, सगळ्यांकडे मोबाइल आहे." वर विजेचं बिल आणि मागच्या वर्षी फुटलेला रिमोट. रिमोटचं मान्य, तो आमच्याच विंगने फोडला. पण मोबाइलचं कारण मला पटत नाही. त्या सुट्टीत आमच्या मजल्यावर आम्ही सहा जण होतो. त्यातला एक वायडीवाला मुलगा आठवडाभर खोलीबाहेर आला नाही, मेसला नाही, टपरीवर नाही. दाराखालून स्क्रीनचा निळा उजेड दिसायचा, म्हणून सगळ्यांना वाटलं मजेत असेल. नवव्या दिवशी त्याचा मोठा भाऊ येऊन त्याला घेऊन गेला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. आता बरा आहे, परतही आलाय. त्याला विचारूनच हे लिहितोय. तो म्हणाला, "लिही. मला कुणी नऊला हाक मारली असती तर मी शिव्या घातल्या असत्या, पण आलो असतो."

टीव्ही रूमने सगळे प्रश्न सुटतात असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण पलीकडच्या खोलीतला आज खाली आला नाही, हे खाली जागा असेल तरच लक्षात येतं.

म्हणून रेक्टर सरांना विनंती. सुट्टीत टीव्ही रूम रोज नऊ ते दहा उघडी ठेवावी. किल्ली वॉचमनकाकांकडे, घेणाऱ्याने रजिस्टरवर सही करायची, रिमोटला काही झालं तर पैसे त्याचे. वॉचमनकाका आणि मेसची पोरंही आत बसतील. लेडीज होस्टेललाही हीच सोय व्हावी, तिथल्या मैत्रिणींनी आपलं म्हणणं वेगळं द्यावं. काय लावायचं ते रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरवू. माझी चिठ्ठी 'भारत एक खोज'ची. भाग ५३, रोज एक. १ मेला सुरू केलं तर शेवटचा भाग येतो २२ जूनला. रँडच्या त्या तारखेबद्दल पुण्यात कुणाला वेगळं सांगायला नको. आजोबांना हा हिशेब फोनवर सांगितला तर म्हणाले, "गुरुवारी लाइट जाते ते धरलंस का?"

ते धरलेलं नाही. पहिले दोन महिने किल्लीसाठी सही करायला मी तयार आहे.