बिनकामाचं धावणं

गेल्या बैठकीत आमच्या रविवारच्या धावण्याच्या गटाची बातमी अंकात यावी असं मी सुचवलं. त्यावर एका जुन्या कार्यकर्तीने रोखठोक विचारलं, "ऊसतोड करणाऱ्या बाईचे प्रश्न तसेच पडलेत, दुष्काळी गावांत हंडे रांगेला लागलेत, आणि आपण आता बूट घालून पळणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर पानं खर्च करायची का?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दोन ओळींची बातमी न देता जरा सविस्तर लिहिते.

साताऱ्याला धावण्याचं वारं लागलं ते २०१२ पासून, हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली तेव्हापासून. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून त्याच वाटेनं खाली यायचं. एकूण २१ किलोमीटर. एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावल्याचा गिनीज विक्रमही २०१५ साली या स्पर्धेच्या नावावर लागला. स्पर्धा वर्षातून एकदाच, पण तयारी वर्षभर. त्यामुळे ठिकठिकाणी गट निघाले. सांगलीतही पहाटे आमराईच्या बाजूला, मिरजेच्या रस्त्याला धावणारी माणसं दिसतात. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले, व्यापारी. आणि बायका? आहेत, पण पुरुषांच्या मानानं बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

याचं कारण विचारलं की क्लबातले भाऊ सांगतात, "आम्ही तर सगळ्यांना बोलावतो, बायकांनाच हौस नसते." हौस असते हो. वेळ नसतो. धावायची वेळ पहाटे पाचची. त्याच वेळी नळाला पाणी येतं, दूध येतं, सातच्या शाळेचा डबा व्हायचा असतो. घरातला पुरुष उठतो, बूट बांधतो आणि दार ओढून घेऊन जातो. बाईला धावायला जायचं तर आदल्या रात्रीपासून तयारी. कणीक मळून ठेवायची, भाजी चिरून ठेवायची, सासूबाईंच्या चहाची सोय लावायची. आमच्या गटातली सांगलीची एक मैत्रीण बँकेत आहे, पगार नवऱ्याच्या बरोबरीनं. तीही साडेसहाला घरी पोचते तेव्हा ऐकते, "झालं का हुंदडून?" नवऱ्याला हे कुणी विचारत नाही. तो 'व्यायाम' करून आलेला असतो.

हा 'हुंदडून' शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. नीट पाहा. पहाटेच्या अंधारात बाई रस्त्यावर नसतेच असं कुठं आहे? पाण्याला जाते, शेतावर जाते. थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात तेव्हा बाया पहाटे तीनलाच फडात असतात, पाळण्यातल्या पोराला घेऊन. तेव्हा कुणी म्हणत नाही की अंधारात बाईमाणूस कशाला बाहेर पडलं. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली. टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावावर रेशनकार्ड हवं होतं. त्या रस्त्यावर आल्या, शिव्या खाल्ल्या, पण त्यांच्या हातात मागणी होती. बाई कामासाठी बाहेर पडली तर समाज चालवून घेतो, भांडणासाठी पडली तर चिडतो पण ओळखतो. मात्र निव्वळ स्वतःच्या अंगाला बरं वाटावं म्हणून, डोक्यावर हंडा नाही, काखेत पोर नाही, अशी बाई धावताना दिसली की सगळ्यांना प्रश्न पडतो: हिला झालंय काय?

बारामतीच्या लताबाई करेंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साठी ओलांडलेली ही बाई नवऱ्याच्या आजारपणाला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावली आणि जिंकली. तिच्यावर २०२० मध्ये सिनेमा आला, त्यात स्वतःची भूमिका तिनंच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. तिच्या जिद्दीबद्दल मला अपार आदर आहे. पण टाळ्या कशाला पडल्या तेही पाहू या. ती नवऱ्यासाठी धावली म्हणून आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या तपासणीसाठी बाईला शर्यत जिंकावी लागते, या व्यवस्थेबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. आणि तीच लताबाई उद्या म्हणाली असती, "मला पळायला आवडतं म्हणून पळते", तर किती जण टाळ्या वाजवायला उरले असते?

बाईच्या धावण्याची धास्ती फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, त्यात धावपटू कोसळल्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या आणि ही शर्यत बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. बॉस्टनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्वित्झर धावत असताना एका संयोजकानं तिला मार्गावरून ओढून काढायचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत ३००० मीटर धावायची शर्यत, बायकांसाठी खुली झाली २००८ साली! आणि त्यानंतर आठच वर्षांत, २०१६ ला रिओमध्ये, त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर धावत होती. दहावी आली. ऑलिम्पिकच्या धावमार्गावर अंतिम फेरीत पोचलेली १९८४ च्या पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय बाई. आपल्याच जिल्ह्यातली, दुष्काळी पट्ट्यातली, शेतकऱ्याची लेक. दार उघडलं तेव्हा ती तयार होती. दार आणखी वीस वर्षं आधी उघडलं असतं तर माण-खटावच्या किती जणी गेल्या असत्या, याचा हिशेब कोण करणार?

आता त्या जुन्या मैत्रिणीच्या आक्षेपाकडे येते. धावणं हे बूटवाल्यांचं खूळ आहे, असं तिचं म्हणणं. पण पहाटेच्या रस्त्यावर फक्त बूटवाल्या नसतात. सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीसाठी मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. त्यासाठी खेड्यापाड्यांतल्या शेकडो मुली वळण-रस्त्यांवर, कॅनॉलच्या कडेनं सराव करतात. धड मैदान नाही, वाटेत संडास नाही, दिवा नाही. अशीच एक मुलगी आमच्याकडे आली होती. मोटरसायकलवरची तीन पोरं रोज तिच्या मागं यायची. तक्रार द्यायला गेली तर ठाण्यात विचारलं, "अंधारात जायचंच कशाला?" जी पोलीस व्हायला निघाली, तिलाच हा सवाल! घरच्यांनी सराव बंद केला, त्या भरतीला ती उतरलीच नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं.

ही मुलगी आणि ती डॉक्टरीणबाई एकाच वेळी, एकाच रस्त्यावर धावत होत्या. दोघींची कधी ओळख झाली नाही. क्लबाची सोबत त्या मुलीला मिळाली असती तर तिचा रस्ता सुटला नसता, असं मला ठामपणे वाटतं. धावण्याचा प्रश्न आपला आहे तो यासाठी. एका क्लबाकडे आम्ही गेलो. रस्त्यावर दिवे बसवण्याच्या अर्जावर सह्या द्या आणि भरतीच्या मुलींना बिनफी सामील करून घ्या, असं म्हटलं. उत्तर मिळालं, "ताई, आमचा क्लब राजकारणात पडत नाही." दिवा हे राजकारण कधीपासून झालं, देव जाणे. ८ मार्चला मात्र हीच मंडळी गुलाबी टी-शर्ट वाटून तीन किलोमीटरची 'लेडीज स्पेशल' धाव ठेवतात आणि पहिल्या नंबराला बक्षीस देतात मिक्सर. साडीत धावायलाही सांगतात. साडीला माझी हरकत नाही, जिला जे सोयीचं ते तिनं घालावं. पण वर्षातून एक दिवस नटवून पळवायचं आणि उरलेले दिवस रस्ता अंधारात ठेवायचा, याला मी बायकांचं धावणं म्हणत नाही.

आमच्या गटाचं सध्या असं चाललंय. रविवारी सकाळी सव्वासहाला, म्हणजे उजाडल्यावर, निघतो. कुणी धावतं, कुणी भरभर चालतं. घड्याळ लावत नाही. लहान पोरांना सांभाळायला आळीपाळीनं दोघी मागं थांबतात. चौघींचे नवरे त्या दिवशी डबा करतात. एकानं पोह्यांत मीठ दोनदा घातलं, तरी शिरस्ता मोडलेला नाही. भरतीची तयारी करणाऱ्या सहा मुली आता आमच्याबरोबर असतात. खरं तर त्या आमच्या किती तरी पुढं असतात. पण परतीला थांबून एकत्र येतात. दिव्यांसाठीचा अर्ज नगरपालिकेत दिला आहे, पोच घेतली आहे, पाठपुरावा चालू आहे.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं. शाळेच्या रस्त्यावर त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, तरी त्यांनी रस्ता बदलला नाही. त्या दिवशी पहाटे पाचला, मुद्दाम अंधार असतानाच, त्या मुलीचा सराव सुटला त्याच वळण-रस्त्यावर पाच किलोमीटर जायचं ठरवलं आहे. फी नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. बूट नसले तरी चालेल, बॅटरी मात्र प्रत्येकीनं आणावी. सांगलीच्या मैत्रिणी आदल्या रात्री मुक्कामाला येणार आहेत. त्यांच्यासाठी दहा-बारा अंथरुणं लागतील. ज्यांच्याकडे जादा सतरंज्या-चादरी असतील त्यांनी डिसेंबरच्या बैठकीला येताना घेऊन याव्यात.