बंदरावर उतरल्यावर आधी विचारा, आज काय गावलं?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की आमच्याकडे चौकशी सुरू होते. सोलापूर, लातूर, नांदेड, पुणे, कुठून कुठून नातेवाईक आणि ओळखीचे लोक विचारतात, "मुलांना घेऊन मालवणला येतोय. चांगले मासे कुठे मिळतील? आणि आपल्याला चालेल असं जेवण मिळेल ना?" प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. आमच्या घरातल्या प्रत्येकाने त्यांची उत्तरं इतक्यांदा दिली आहेत की या महिन्यात ती एकदाची लिहूनच काढावीत असं ठरवलं.

आधीच सांगून ठेवतो, आम्ही कोणत्याही खानावळीचं नाव देणार नाही. आज जिथे उत्तम जेवण मिळतं तिथला स्वयंपाकी उद्या बदलतो. नावापेक्षा निवडायची रीत कळली तर ती मालवणात, देवगडात, वेंगुर्ल्यात आणि इतर कुठल्याही बंदरावर उपयोगी पडते.

एके काळी कोकणात येणारा प्रवासी समुद्रानेच यायचा. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत गोव्याकडे जायची. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची. भुकेलेला प्रवासी खानावळीत बसला की त्याच्या पुढे त्या दिवशी जे शिजलं असेल ते यायचं. छापील मेनूकार्ड नव्हतं आणि त्याची कुणाला गरजही नव्हती.

ती बोट बंद होऊन काही दशकं झाली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांना फार उत्सुकता होती. पण ती संध्याकाळी मुंबईहून निघून सकाळी गोव्याला पोहोचणारी. आमचा किनारा तिच्या प्रवाशांच्या झोपेतच मागे पडायचा. आता मालवणला लोक येतात ते कुडाळपर्यंत कोकण रेल्वेने, रस्त्याने, किंवा ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चिपी विमानतळावर उतरून. तरी बंदराची एक गोष्ट कायम आहे. प्रत्येक पाहुणा धक्क्यावरून होडीत बसतो, सिंधुदुर्ग किल्ला बघतो आणि दुपारी एकच्या सुमारास भुकेने कासावीस होऊन परत धक्क्यावर उतरतो. समोर फलकच फलक असतात. बहुतेकांवर तीच नावं: सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी.

हे फलक बाराही महिने तेच असतात. समुद्र मात्र बाराही महिने तेच देत नाही. सगळी गडबड इथे आहे.

महिना बघून मासा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात बऱ्याच माशांची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो, म्हणून ही बंदी. या दोन महिन्यांत तुमच्या ताटात सुरमईचा जाड तुकडा आला, तर तो बहुधा बर्फातून आणि दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला असतो. या दिवसांत आमच्या घरी खाडीतली बारीक मासळी, तिसऱ्या आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला सुका बांगडा असतो. किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात.

पाऊस ओसरला की बांगड्याचे दिवस येतात. सप्टेंबरपासून पुढचे काही महिने बांगडा आणि तारली यांची रेलचेल असते. थंडीत सुरमई, सरंगा, सौंदाळे असं बरंच काही चांगलं मिळतं. एप्रिल-मे महिन्यात मासळी कमी आणि पाहुणे सर्वांत जास्त, म्हणून भाव चढलेले. मे महिन्यात येणाऱ्यांनी "मासे फार महाग" अशी तक्रार करण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मग पाहुण्याने करायचं काय? फलकाकडे बघून "पापलेट आहे का?" असं विचारू नये. "आज काय गावलं?" असं विचारावं. 'गावलं' म्हणजे मिळालं, सापडलं. या एका प्रश्नाने खानावळवाल्या काकींना कळतं की समोरच्याला नाव नको, ताजं हवं आहे. मग त्याही मोकळेपणाने सांगतात, "पापलेट कालचा आसा, बांगडो मात्र ताजो गावलो हा." आमचा अनुभव असा की, असं सरळ विचारलेल्याला सहसा कुणी फसवत नाही.

संध्याकाळचा लिलाव

जमलं तर एक संध्याकाळ किनाऱ्यावर काढा. बोटी परत आल्या की मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. टोपल्या आणि क्रेट वाळूवर मांडले जातात, भोवती कोंडाळं जमतं, भराभर बोली लागते. आपल्याला बोली लावायची गरज नाही. लिलावात घेतलेली मासळी तिथेच किंवा बाजारात मांडून बसलेल्या बायकांकडून घ्यावी. त्यांच्याकडून थोडे जास्त पैसे देऊन मासळी साफ करून, कापूनही मिळते.

ताजा मासा ओळखायच्या खुणा आमच्या अम्मीने आम्हाला शिकवल्या, त्याच सांगतो. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. तपकिरी किंवा फिके असतील तर ठेवून द्या. डोळे भरलेले आणि चकचकीत हवेत, आत गेलेले नकोत. बोटाने दाबल्यावर खळगा पडून तसाच राहिला तर मासा जुना. बांगडा शेपटीकडून लोंबकळला तर शिळा, ताठ राहिला तर ताजा. ताज्या माशाला समुद्राच्या पाण्याचा वास असतो, नाक मुरडावं असा नाही. तिसऱ्या घेताना शिंपा मिटलेल्या हव्यात. शिजवूनही जी उघडली नाही ती टाकून द्यावी.

न्याहारी-निवास योजनेतल्या घरात उतरला असाल तर आणखी सोपं. मासळी तुम्ही आणून द्या आणि घरच्या काकींना रांधायला सांगा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी, एवढं मिळालं की दस्तरखान भरलं. फक्त आदल्या दिवशी विचारून ठेवा. इथल्या बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी, आणि श्रावणात मासे रांधत नाहीत. प्रत्येक घराचे वार वेगळे असतात. ज्यांच्या घरात आपण मेहमान म्हणून उतरतो त्यांचे वार पाळणं हा आपलाच अदब आहे.

आपल्याला काय चालतं?

आता दुसरा प्रश्न. काही कुटुंबं इथे येतात आणि संकोचाने तीन दिवस वरण-भात आणि बटाट्याची भाजी खाऊन परत जातात. किल्ला बघून झाला, समुद्र बघून झाला, पण ज्यासाठी मालवणचं नाव घेतात ते चाखलंच नाही. हे टाळता येतं.

मासा हलाल आहे आणि त्याला जबह करावं लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार हलाल ठरवली आहे. प्रश्न माशाचा नसतो, कढईचा असतो. ज्या तेलात कोंबडीचे तुकडे तळले त्याच तेलात मासा तळला जातो का, एवढंच विचारायचं असतं. ते शांतपणे, हसून विचारा: "काकी, आम्ही बाहेरचं चिकन-मटण खात नाही. मासा वेगळ्या तेलात, वेगळ्या तव्यावर भाजून द्याल का?" इथल्या खानावळींना अशा विनंत्यांची सवय आहे. बाजूच्याच टेबलावर कुणी उपासाचं काही मागत असतं, कुणी कांदा-लसूण नको म्हणत असतं. फक्त माशांचं जेवण देणारी लहान खानावळ निवडली तर हा प्रश्न बहुतेक मिटतोच. जिथे दारूही मिळते अशी जागा सोडून कुटुंबासाठी दुसरी बघावी.

एका नावाने अनेकांचा गोंधळ होतो. फलकावर 'मोरीचं मटण' दिसलं की आपली माणसं उठून जातात. मोरी म्हणजे लहान शार्क मासा. तो मटणासारख्या वाटणात शिजवतात म्हणून नाव मटण. त्यात बकरा-कोंबडी काही नसतं.

माशांखेरीजच्या जिन्नसांविषयी मात्र घाटावरून येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हा मसलक या किनाऱ्यावर आला. देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. हनफी मसलकात समुद्रातल्या प्राण्यांपैकी मासाच चालतो. म्हणून कुर्ल्या, कालवं, तिसऱ्या ते वर्ज्य मानतात, आणि कोळंबीला मासा म्हणायचं की नाही यावर त्यांच्या उलमांमध्ये मतभेद आहेत. शाफईंकडे मोकळीक जास्त आहे, पण खेकड्याबद्दल त्यांच्यातही एकमत नाही. त्यामुळे इथल्या पाहुणचारात कुणी तिसऱ्यांचं सुकं पुढे केलं आणि तुम्हाला ते चालत नसेल, तर "आमच्याकडे नाही खात" एवढं म्हणून बांगडा घ्यावा. यजमानाने त्यात अपमान मानू नये आणि पाहुण्याने फतवा देऊ नये. ज्याला शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावं.

पापलेटच का हवं?

आता थोडं आमच्या मनातलं. सगळ्या पाहुण्यांना दोन-तीनच मासे हवे असतात आणि तेही अख्खे, ताटात मावतील असे. ताटात मावणारं पापलेट म्हणजे बहुतेक वेळा अजून एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा ठरवलं. त्याच सुमारास ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासळी पकडायला मनाई केली. पण ताटातून मागणी आली की जाळंही तिकडेच वळतं. म्हणून घरातला साधा नियम करा: हाताच्या पंजापेक्षा लहान पापलेट, समोर आलं तरी घ्यायचं नाही.

आमच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढली जाते. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. मिळेल त्याचे वाटे होतात. त्या जाळ्यात बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे असं जे किनाऱ्याजवळ येतं ते लागतं. मोठ्या पर्ससीन जाळ्यांमुळे आणि रात्री प्रखर दिवे लावून केलेल्या मासेमारीमुळे किनाऱ्याजवळची मासळी आटते, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, तरी भांडण मिटलेलं नाही. आमच्या वर्गात रापणकरांची मुलं बसतात. ज्या हंगामात मासळी लागत नाही, त्या हंगामात वह्यांचे पैसेही उशिरा येतात. पाहुण्याने बांगडा, तारली, पेडवे मागितले तर ते पैसे याच घरांत जाण्याची शक्यता जास्त. शिवाय हे मासे स्वस्त आणि चवीला कशालाच हार न जाणारे.

ही गोष्ट फक्त मालवणची नाही. आपल्यातले बरेच जण उमऱ्याच्या निमित्ताने जेद्दाला जातात. तिथल्या मासळी बाजारात मासा आपण निवडायचा आणि जवळच शिजवून घ्यायचा अशी सोय आहे. तिथेही नाजिलसारखा लाल समुद्रातला मासा निवडणारा खरा जेवतो. उलट इस्तंबूलला पुलाजवळ पाणी बघत लोक मोठ्या हौसेने मासा-पाव खातात, आणि त्यातला बांगड्याच्या जातीचा मासा पुष्कळदा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. समोर समुद्र दिसतो म्हणून ताटातला मासा त्याच समुद्रातला असेल असं समजू नये.

तेव्हा या सुटीत मालवणला याल तेव्हा चार गोष्टी करा. महिना लक्षात ठेवा. संध्याकाळी लिलाव बघा आणि मुलांनाही दाखवा. खानावळीत तेलाचं आणि तव्याचं आधी विचारून घ्या. आणि पापलेटचं नाव काढण्याआधी, "आज काय गावलं?" असं विचारा. जे ताजं असेल ते बिस्मिल्लाह म्हणून खा.

पावसाळ्यासाठी सुकी मासळी कशी निवडायची आणि कशी टिकवायची, याविषयी बऱ्याच भगिनींनी विचारलं आहे. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात त्यावर लिहू.