परक्यांवरची आरोग्यपट्टी

ब्रिटनमध्ये कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्या माणसाकडून व्हिसाच्या शुल्काखेरीज आणखी एक रक्कम आगाऊ वसूल केली जाते. तिचे सरकारी नाव 'स्थलांतरितांचा आरोग्य अधिभार'. फेब्रुवारी २०२४ पासून तिचा दर प्रौढाला दरसाल १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्याला व अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड असा आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांची रक्कम एकदम मोजावयाची. नवराबायको आणि दोन मुले अशा कुटुंबाला पाच वर्षांसाठी १८,११० पौंड, म्हणजे सुमारे वीस लाख रुपये, विमानात पाय ठेवण्यापूर्वीच भरावे लागतात. त्या पाच वर्षांत त्यांच्यापैकी कोणी दवाखान्याची पायरीही चढला नाही, तरी म्हणून त्यातली एक पेनीही परत मिळत नाही.

एप्रिल २०१५ मध्ये ही पट्टी बसविली गेली, तेव्हा ती २०० पौंड होती. जानेवारी २०१९ मध्ये ती ४०० झाली, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ आणि आता हजाराच्या पलीकडे. नऊ वर्षांत पाचपट! या काळात परदेशी माणूस पाचपट आजारी पडू लागला, असा दावा खुद्द त्या सरकारनेही केलेला नाही.

जो सेवा वापरतो त्याने तिचा भार उचलावा, हा समर्थकांचा युक्तिवाद वरकरणी रास्त वाटतो. परंतु ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा चालते ती मुख्यतः सर्वसाधारण करांतून आणि काही अंशी राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीतून. बाहेरून आलेला कामगार पहिल्या पगारापासून प्राप्तिकर भरतो, विम्याची वर्गणी भरतो, आणि दुकानात गेला की मूल्यवर्धित करही भरतो. म्हणजे एकाच सेवेचे मोल त्याच्याकडून दोनदा घेतले जाते. यावर उत्तर असे दिले जाते की, नव्याने आलेल्याने मागील वर्षांत काहीच भरलेले नसते. हे तत्त्व खरे मानले, तर वीस वर्षे परदेशात काढून कायमचा मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकालाही ही पट्टी लागू व्हावयास हवी. त्याला ती कोणी मागत नाही. तेव्हा येथे मोजला जातो तो आरोग्य सेवेचा वापर नसून पारपत्राचा रंग आहे, हे उघड आहे.

जुलै २०२३ मध्ये तर पडदाच गळून पडला. डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांच्या संपांनी आणि वेतनवाढीच्या मागण्यांनी सरकार जेरीस आले होते. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी वेतनवाढ मान्य केली आणि तिच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी व्हिसाचे शुल्क व हा अधिभार वाढविण्याचे जाहीर केले. त्यातून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मिळेल, असा हिशेबही मांडला. धनिकांच्या संपत्तीला हात न लावता एका कामगाराची न्याय्य वाढ दुसऱ्या कामगाराच्या खिशातून काढावयाची, आणि या दुसऱ्या कामगाराच्या रोषाची भीतीही बाळगावयाची नाही! कष्टकऱ्यांना आपसांत झुंजविण्याची याहून स्वस्त युक्ती शोधून सापडणार नाही.

ज्या सेवेच्या नावाने हे चालले आहे, तिचा जन्म ५ जुलै १९४८ चा. मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हे खाणकामगाराचे पुत्र. वेल्समधील ट्रेडेगर येथे कामगारांनी पगारातून वर्गणी काढून चालविलेली वैद्यकीय मदत संस्था त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे भरावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे, हे सूत्र त्यांनी साऱ्या देशाला लागू केले. परदेशी माणसावर फुकट उपचार का, असा ओरडा तेव्हाही झाला. १९४९ च्या कायद्याने असे शुल्क घेण्याचा अधिकार सरकारला दिला खरा, पण तो प्रत्यक्ष वापरला गेला १९८२ मध्ये, थॅचरबाईंच्या राजवटीत. खुद्द बेव्हन यांनी १९५१ मध्ये चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. चष्म्याची किंमत ती काय, असे त्यांना अनेकांनी विचारले असेल. प्रश्न किमतीचा नव्हता. एकदा दारावर गल्ला मांडला की तो उठत नाही, हे ते जाणून होते.

देणेकरी कोण, याचाही हिशेब व्हावा. १९६० च्या दशकापासून भारतीय डॉक्टरांनी ही सेवा तोलून धरली आहे. मुंबई-पुण्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत येथील जनतेच्या पैशाने शिकलेले कित्येक जण त्यांत होते. त्या शिक्षणाचे बिल लंडनने कधी चुकते केले नाही. आज मात्र पुण्या-नागपुराहून एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याने सोळा महिन्यांच्या व्हिसापोटी १,१६४ पौंड आरोग्यपट्टी भरावयाची, आणि तीही बहुधा शिक्षणासाठी काढलेल्या कर्जातून. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. कंपन्यांनी तात्पुरत्या पाठविलेल्या नोकरदारांना आणि त्यांच्या मालकांना विम्याच्या वर्गणीतून तीन वर्षे सूट देण्याचे त्या वेळी ठरले. आरोग्यपट्टी मात्र त्यांच्याही डोक्यावर तशीच राहिली. विद्यार्थी आणि आचारी यांची तर बातच नको.

तथापि ही पट्टी अढळ नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडने अत्यवस्थ झालेल्या बोरिस जॉन्सन यांच्या उशाशी बसलेल्या ज्या दोन परिचारकांचे त्यांनी जाहीर आभार मानले, त्यांतील एक न्यूझीलंडची आणि दुसरा पोर्तुगालचा होता. त्याच जॉन्सन यांनी २० मे रोजी पार्लमेंटात या अधिभाराची तरफदारी केली. देशभर संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी आरोग्य व शुश्रूषा सेवेतील कर्मचाऱ्यांना सूट देणे त्यांना भाग पडले. डॉक्टर-परिचारिकांच्या संघटनांनी रेटा लावला, म्हणूनच हे घडले. पण सूट त्या सेवेपुरतीच थांबली, आणि उपाहारगृहातल्या स्वयंपाक्यासाठी असा रेटा कोणी लावला नाही.

पार्लमेंटात त्या दिवशी जॉन्सन यांना धारेवर धरणारे विरोधी पक्षनेते होते मजूर पक्षाचे किअर स्टार्मर. जुलै २०२४ मध्ये ते पंतप्रधान झाले. मे २०२५ मध्ये त्यांच्या सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याच्या हक्कासाठीची सर्वसाधारण मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव आहे. तो अमलात आल्यास १,०३५ च्या दराने एकट्या माणसाला वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत भरावी लागणारी आरोग्यपट्टी १०,३५० पौंड होते.